वरणात ओलं खोबरं

अहमदपूर,
५ जानेवारी २०२५

ती. उमाताईंना चंद्रप्रभाचा सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. दिपालीनं मध्ये बसून माझं बोलणं तुमच्या कानात ओरडायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला कळणार. शिवाय माझ्या सुनेचं गाऱ्हाणं तुमच्या सुनेच्या तोंडून कसं सांगू? म्हणून आपलं पोस्टच बरं.

ताई, आमच्या घरात नारळ शिरलाय. गंमत नाही, खरंच सांगते. आपल्याकडं नारळ म्हणजे देवापुढं फोडायचा, ओटीत घालायचा, उरला तर प्रसाद म्हणून वाटायचा. स्वयंपाकात जातं ते सुकं खोबरं, तेही भाजून मसाल्यात. मृण्मयी पडली वेंगुर्ल्याची. तिची लग्नात आणलेली खवणीची विळी इतके दिवस पोत्यात गुंडाळून पडली होती. दिवाळीनंतर ती बाहेर निघाली आणि तेव्हापासून घरात खर्र खर्र चालूच आहे. वरणात ओलं खोबरं, पोह्यांवर ओलं खोबरं, भरल्या वांग्यात शेंगदाण्याच्या कुटाऐवजी ओल्या खोबऱ्याचं वाटण. येळवशीच्या अमावस्येला चुलत दिरांच्या शेतात गेलो, तर हिनं ज्वारीच्या आंबिलीत नारळाचं दूध ओतलं! जाऊबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी आभाळाकडं बघत राहिले.

मला नवल वाटतं ते ह्यांचं. तुमचा भाऊ जेवणात किती काटेकोर, तुम्हाला माहीत आहे. भाजीत गूळ पडला तर ताट सरकवणारा माणूस. आता गपचूप सगळं खातात. मी म्हटलं, "गोड लागत नाही का हो?" तर म्हणाले, "बरं लागतंय की." मृण्मयीला विचारलं, तर "पौष्टिक असतं, आई" एवढंच. आणि बोलताना ह्यांच्याकडं बघते.

दोघं सकाळी फिरायलाही बरोबरच जातात. चाळीस वर्षं हे एकटे फिरले, मला कधी चल म्हणाले नाहीत. आता सून लागते. मी दारात गेले की दोघांचं बोलणं थांबतं. मी काही मत्सर करत नाही, पण घरात आपल्यालाच काही कळू नये, हे कसं वाटतं सांगा.

बाकी ठीक. परवा हे मोंढ्याच्या बाजारातून ज्वारी घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ज्वारीच घेऊन आले. मी म्हटलं, "सगळ्या गावाला भाकरी घालायचीय का?" तर खूप रागावले. निवृत्त झाल्यापासून स्वभाव जरा तापटच झालाय.

तुमचा सल्ला कळवा.

चंद्रप्रभा

---

हिमायतनगर,
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. चंद्रप्रभास उमादेवीचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाचून लई हसले. एवढी शाळेत शिकवलेली बाई तू, अन् एवढं साधं कळून न्हाई राहिलं व्हय? अगं, डोहाळे हायेत ते! कुणाला चिंचा लागतात, कुणाला माती. तुझ्या सुनंला माहेरचं खोबरं लागून राहिलं. तू आजी व्हायलीस, अन् बसलीस विळीचा आवाज मोजत.

सासऱ्याशी का बोलती म्हणशील, तर सुना आजकाल सासूपेक्षा सासऱ्याला जास्त भिऊन न्हाई राहिल्या. मार्तंड गणिताचा मास्तर होता. पोरं त्याला चळचळा कापायची, पण पोरी त्याच्याजवळ हमखास जायच्या. तसंच आसंल हे.

खोबरं वाईट न्हाई. आमच्याकडं देवीचा नारळ फोडला की मी खोबरं उगी फेकत न्हाई. जरासा गूळ घालून शिजवते, वेलदोडा टाकते, पोरं चाटून खातात. बाळंतिणीला तर सुकं खोबरं, डिंक, खारीक देतोच की आपण. ओल्यात पाणी जास्त, एवढाच काय तो फरक. पण उघडं ठेवलं तर उन्हाळ्यात एका दिवसात आंबतं, हे तिला सांग. समुद्राकडची हवा येगळी, आपल्या हिकडची येगळी.

एक सांगायचं राहिलं. संक्रांतीला मार्तंडचा फोन आला होता. दिपालीनं उचलला. त्यानं इचारलं, "बाईची तब्येत कशी हाय?" बाई म्हंजे आमची आई. तिला जाऊन किती साल झाले. दिपालीला वाटलं, मलाच बाई म्हणत आसतील. तिनं सांगितलं, चांगली हाय. मीबी म्हणलं, म्हातारा झालाय, ताई म्हणायचं तं तोंडातून बाई निघालं.

सुनंला जपून इचार. लाजंल ती.

उमादेवी

---

अहमदपूर,
२ फेब्रुवारी २०२५

ती. उमाताईंना सा. न.

तुमचं ऐकलं आणि तोंडघशी पडले.

मी सुनेला जवळ बसवून प्रेमानं विचारलं. केळी आणली होती, ओटी भरायची तयारीही मनातल्या मनात करून ठेवली होती. ती म्हणाली, "तसं काही नाही, आई." आणि उठून आत गेली. थोड्या वेळानं रडण्याचा आवाज आला. यज्ञेश कॉलेजातल्या नोकरीवरून आला, त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो माझ्यावरच उखडला. "आई, लग्नाला वर्ष झालं नाही, आणि तू हे काय विचारत बसतेस?" आता मी काय वाईट विचारलं, तेच मला कळत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. परवा सकाळी मी जरा लवकर उठले. मृण्मयी ह्यांच्या चहात चमचाभर काहीतरी घालत होती. विचारलं, तर म्हणे खोबरेल तेल! ताई, डोक्याला लावायचं तेल चहात! तिचं म्हणणं, हे खायचं असतं, घाण्याचं असतं, आमच्याकडं चालतं. मी ह्यांना विचारलं, "तुम्ही हे पिता?" हे म्हणाले, "मला काय विचारतेस, तिला विचार."

मी शेजारच्या वकिलीणबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, नारळानं हृदय बंद पडतं, ती सगळी चरबीच असते. समोरच्या सिंधुताई म्हणाल्या, छे, ती चरबी वेगळ्या जातीची, अंगी लागत नाही, लगेच ताकद देते. फोनवर बघितलं. एक माणूस पांढरा कोट घालून म्हणतो खा, दुसरा तसलाच कोट घालून म्हणतो विष आहे. दोघांच्या मागं पुस्तकांची कपाटं. खरं कोण बोलतंय, कसं ओळखायचं? दोन वर्षांपूर्वी ह्यांना डॉक्टरांनी तेल-तूप कमी करा सांगितलं होतं, तेवढं मात्र मला पक्कं आठवतं.

म्हणून मी एक केलं. विळी उचलली आणि माळ्यावर टाकली. म्हटलं, या घरात माझ्या हातानं स्वयंपाक होईल, शेंगदाण्याच्या कुटाचाच होईल. मृण्मयी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ह्यांच्याकडं बघत राहिली, आणि हे जमिनीकडं.

तिच्या भावाचा साखरपुडा आहे. ती पुढच्या आठवड्यात वेंगुर्ल्याला जाईल. घर जरा शांत होईल.

तुमच्या फोनचं मी ह्यांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल. बोलण्यात अशी चूक माझीही होते.

चंद्रप्रभा

---

हिमायतनगर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चंद्रप्रभास आशीर्वाद.

मार्तंड इथं पोचला, बरा हाय, आठ-पंधरा दिस राहील, एवढं दिपालीनं यज्ञेशला फोनवर सांगितलंय. तेवढंच सांग, असं मीच म्हणलं होतं तिला. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं न्हाई. ते हितं लिहिते. बसून वाच.

तो मंगळवारी दुपारी आला. एकटा. हातात पिशवी न्हाई, कपडे न्हाई, पायात घरातल्या चपला. मला वाटलं सरप्राईज देऊन राहिलाय. पाणी दिलं. तो पाणी प्यायला, हिकडं तिकडं बघितलं, अन् काहीतरी बोलला. तुला माझे कान माहीत हायेत. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. म्हणलं, काय रे? तो पुन्हा बोलला. पुन्हा मला तेच ऐकू आलं. मग मी त्याच्यापुढं पोरांची पाटी सरकवली. मला कुणाचं कळलं न्हाई की मी तसंच करते. त्यानं पाटीवर लिहिलं. अक्षर अजून तसंच, मोत्यासारखं. "बाई कुठं गेली?"

चंद्रप्रभा, मला काय करावं कळंना. बाई तिच्या शेवटच्या दिसांत माझ्याकडंच होती, तवा तो नांदेडला गाडी बदलून असाच यायचा. बरोब्बर त्याच रस्त्यानं आला तो. नांदेडचा स्टँड केवढा बदललाय, तरी चुकला न्हाई. मी म्हणले, शेतात गेलीय. का म्हणले, देव जाणे. तोंडातून निघालं. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला अन् दिवस मावळंपर्यंत रस्त्याकडं बघत राहिला. मी दारामागं उभी राहून रडले. खरं सांगावं तं त्याला आजच आई मेल्यासारखं होणार. न्हाई सांगावं तं तो वाट बघत बसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पूर्ण शुद्धीत होता. मला म्हणला, "ताई, मी काल इथं कसा आलो?" मी सांगितलं. मग पाटी ओढली अन् लिहून लिहून सगळं सांगितलं. दिवाळीच्या वक्ताला तो भाजी घेऊन येताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. घर कंच्या बाजूला, ते सुचंना. मृण्मयीनं बघितलं अन् हात धरून घरी आणलं. त्यानं तिला आपली शपथ घातली, चंद्राला सांगू नको म्हणून. डॉक्टरकडं चल म्हणली तं तयार झाला न्हाई. मग त्या पोरीनं कुठंतरी वाचलं की खोबऱ्यानं डोकं ठिकाणावर राहतं. म्हणून ते वरण, म्हणून ते तेल, म्हणून सकाळी बरोबर फिरणं. तो हरवू नये म्हणून ती जात होती.

ती माहेरी गेली, अन् हा बाहेर पडला.

मी डोहाळे डोहाळे म्हणून तुला भलतीकडं नेलं. फोनवर त्यानं बाईचं इचारलं, तवाबी मी हसण्यावारी नेलं. आता काय बोलू. तू ये, त्याला घेऊन जा. येताना त्याच्या चपला आण.

उमादेवी

---

अहमदपूर,
१२ मार्च २०२५

ती. उमाताईंना सा. न.

तुमच्याकडून निघाल्यावर आम्ही नांदेडला थांबलो. यज्ञेशनं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. तुम्हाला त्या दिवशी धड निरोपही दिला नाही, रागावू नका. तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते, सुनेवर चिडले होते, ह्यांच्यावर तर फारच. आता कशावर चिडले होते तेही नीट सांगता येत नाही.

डॉक्टरबाई तरुण आहेत. त्यांनी ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. ताई, ज्या माणसानं हजार मुलांना कोनमापक शिकवला, त्याला घड्याळात काटे कुठं काढायचे ते सुचेना. आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले. मी भिंतीकडं बघत होते. नंतर रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले. कसलंसं जीवनसत्त्व कमी आहे, त्याची इंजेक्शनं चालू केलीत, त्यानं थोडा फरक पडेल. पण सगळं त्याच्यामुळं नाही, म्हणाल्या. बाकीचं हळूहळू वाढत जाणार, गोळ्यांनी वेग जरा कमी होईल.

मी नारळाचं विचारलं. मला वाटलं होतं, त्या सुनेला बोलतील. त्या म्हणाल्या, "खोबऱ्यात तंतू आहेत, खनिजं आहेत, ताकद तर भरपूर आहे. वाटीभर खोवलेलं खोबरं म्हणजे जवळपास तीन पोळ्या. आठवण तेवढी त्यात नाही, निदान तसं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही." चहातलं तेल बंद करायला सांगितलं, कारण कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. म्हणजे माझं खरं झालं. पण मग वजन बघितलं आणि म्हणाल्या, "या आजारात माणसं जेवायचं विसरतात, वाळत जातात. ह्यांचं वजन टिकलंय, ते चांगलं आहे." म्हणजे तिचंही खरं झालं. मी विचारलं, "मग नारळ चांगला की वाईट?" त्या हसल्या. "नारळाचं पाणी हलकं, दूध जड, खोबरं मधलं. किती खाता, त्यावर आहे. चवीपुरतं चालेल." एवढ्या मोठ्या दवाखान्यात जाऊनही मी अर्धीमुर्धीच शहाणी होऊन आले.

परत येताना गाडीत मी ह्यांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" ह्यांनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. मला वाटलं विसरले. मग म्हणाले, "सूनबाईला सांगितलं ते लपवायला. तुला सांगितलं असतं, तर खरंच झालं असतं ते."

मृण्मयी परवा वेंगुर्ल्याहून आली.

चंद्रप्रभा

---

हिमायतनगर,
२१ मार्च २०२५

चि. सौ. चंद्रप्रभास आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. शेवटाला लिहिलंस, मृण्मयी परवा आली. पुढं? तू तिला काय म्हणलीस, ती तुला काय म्हणली, काहीच लिहिलं न्हाईस. मला बहिरीला एवढं तं कळतं की जिथं माणूस गप बसतं, तिथंच गोष्ट आसती. विळी अजून माळ्यावरच हाय का?

हिकडं दिपाली मलाच खोबरं खाऊ घालून राहिली. तुझ्या सुनंची कथा ऐकल्यापासून रोज चटणी वाटती. ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, वरून जिऱ्याची फोडणी. भाकरीसंगं बरी लागती. ती म्हणती, आत्याबाई, तुमचेबी कान बरे होतील. मी म्हणलं, कान राहू दे, चव लागून राहिली तेवढं बास.

मला एक इचारायचंय. डॉक्टरीणबाईला इचारून कळव. मार्तंडनं पुन्हा बाईचं इचारलं तं काय सांगायचं? मी शेतात गेली म्हणले, ते बरोबर केलं का चुकलं? तवापासून माझ्या जिवाला तीच फिकीर लागून हाय. झोपेतबी तो ओट्यावर बसलेलाच दिसतो.

सुनंशी बोल.

उमादेवी

---

अहमदपूर,
४ एप्रिल २०२५

ती. उमाताईंना सा. न.

तुमचा प्रश्न मी डॉक्टरबाईंना फोन करून विचारला. त्या म्हणाल्या, भांडू नका, दुरुस्त करू नका, आईबद्दलच बोलायला लावा. बाई काय करायची, तिच्या हातचं काय आवडायचं, असं. तुम्ही चुकला नाहीत, ताई. बरोबर काय, ते त्यांनाही पक्कं सांगता आलं नाही. प्रत्येक वेळी बघून ठरवा, म्हणाल्या.

आता सुनेचं. ती आली तेव्हा मी दारातच उभी होते. दहा वाक्यं ठरवून ठेवली होती. तिनं बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, बाबा कसे आहेत?" माझी सगळी वाक्यं गेली. मी म्हटलं, "तू मला सांगायला पाहिजे होतंस." ती म्हणाली, "हो, पाहिजे होतं. पण त्यांनी शपथ घातली होती, आणि तुम्ही तेव्हा माझ्याशी नीट बोलतही नव्हता. मला दुसरं काही सुचेना. नारळ तेवढा येत होता, तो केला." मग ती रडली, मीही रडले. त्या दिवशी मी विचारलं तेव्हा ती का रडली होती, तेही कळलं. तिला मूल हवंय, आणि दर महिन्याला निराशा होतेय. मी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. माझ्या मुलाला हे माहीत होतं, मला नव्हतं. या घरात कोण कुणाला काय सांगतं, ताई, मला अजून उमगलेलं नाही.

यज्ञेशनं स्टूलवर चढून विळी खाली काढली. मी म्हटलं, शिकव मला. बसून एक पाय विळीवर ठेवायचा, वाटी फिरवत फिरवत खोवायची, काळी पाठ लागायच्या आत थांबायचं. माझं बोट कापलं. ती म्हणाली, पहिल्यांदा सगळ्यांचं कापतं. पाडव्याला आम्ही दोघींनी मिळून नारळाच्या वड्या केल्या. पाक बिघडला, चमच्यानं खाव्या लागल्या. ह्यांना फार आवडल्या.

रोजचं म्हणाल तर चांगलं कमी, वाईट कमी, आणि मधलंच जास्त. इंजेक्शनांनी थोडा फरक वाटतो. की मला वाटावंसं वाटतं म्हणून वाटतो? कधी दिवसभर बरे असतात, शब्दकोडं घेऊन बसतात. कधी मृण्मयीला शाळेतली कुणी मुलगी समजतात आणि गृहपाठ विचारतात. ती बिचारी खरंच गणित सोडवून दाखवते. एकटं बाहेर सोडत नाही. आता मीही फिरायला जाते. तिघं जातो. हे पुढं, आम्ही दोघी मागं.

आज दुपारी यज्ञेश आणि मृण्मयी लातूरला गेली होती, तिच्या तपासण्यांसाठी. आम्ही दोघंच घरी. मी भाकरी, भात, वरण, कोशिंबीर केली, वरणावर मूठभर खोबरं घातलं. जेवणं झाली, भांडी झाली, मी ओसरीत पडले होते. थोड्या वेळानं हे आतून आले. माझ्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, आता विचारतील, तुम्ही कोण.

म्हणाले, "चंद्रा, तू जेवलीस का?"

ताई, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. शाळा, पोरं, पाहुणे, उपास, आजारपणं. या माणसानं हे मला एकदाही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही."

ते स्वयंपाकघरात गेले. डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ लागला. मी उठले नाही. मग एक ताट घेऊन आले. भात एका कडेला, वरण सगळीकडं सांडलेलं, वर खोबरं, भाकरीचा अर्धा तुकडा. माझ्यापुढं ठेवलं आणि समोर बसले.

माझं पोट भरलेलं होतं. मी शेवटच्या शितापर्यंत जेवले.

तुमची,
चंद्रप्रभा